आबाच्या बाजूची काच

१

पहिला किडा दिसला तेव्हा मी आणि आबा भांडत होतो. त्यात नवीन काही नव्हतं. सकाळी ओट्यावर बसून आबाने तंबाखू मळायची, मग आत येऊन काचेच्या पेटीतल्या माशांना भाताची शितं टाकायची, आणि टाकता टाकता माझा उद्धार करायचा, हा आमच्या घरचा नेम.

पेटी बंगल्यावरची. तुंगार्लीच्या तळ्याच्या अंगाला एका साहेबाच्या बंगल्यावर आबा माळी होता. साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना काही कुंड्या, एक मोडकी आरामखुर्ची आणि ही पेटी आबाला देऊन गेला. चारी बाजूंनी काच, कडांना लोखंडी पट्ट्या, तळाला काळी फरशी, वर वाळू आणि आत लाल मासे. आमच्या आळीत असली चीज दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आलेल्या माणसाला आबा आधी मासे दाखवायचा, मग पाणी विचारायचा. आई आजारी पडली तेव्हा तिला बघायला आलेल्यांनाही त्याने आधी मासे दाखवले.

"म्याट्रिकापोत्तर गेला आन् साळा सोडून आला," आबा माशांना सांगत होता. माझ्याशी बोलायचं असलं की तो माशांशी बोलायचा. "मास्तराची छडी मोडली म्हनं. लय मोठा पराक्रम."

"मोडली. आनिक मारली असती तर आनिक मोडली असती."

"आन् आता भनीच्या लग्नात आडवा पडतोय."

"पडनारच. अंबाजीची पैली बायको बाळंतपनात गेली म्हनत्यात. दुसरी हिरीत घावली. आता तिसरी आमची सरू. दिसतंय का तुमाला काही, आबा, का नुसतं मासंच दिसत्यात?"

"मी शबूद दिलाय."

"तुमी दिलाय. सरूनं न्हाई."

आत चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. सरू माझी धाकटी बहीण, नुकतं पंधरावं लागलेली. लग्नाचं बोलणं निघालं की तिचे हात थांबायचे, आणि बोलणं संपलं की आवाज परत सुरू व्हायचा. एवढाच तिचा विरोध.

नवलाख उंबरे गावचा अंबाजी आबाच्या वयाचा. गावकीत त्याचा शब्द चालायचा. असल्या माणसाने भर पंगतीत आबाच्या खांद्यावर हात ठेवून पोरगी मागितली आणि आबा विरघळला. खांद्यावरचा हात, बस, एवढ्यावर. शिवाय घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्या म्हाताऱ्यांची रीत. आई आश्विनात गेली होती. आबाने माघातला मुहूर्त धरला.

मी मान फिरवली आणि पेटीच्या काचेवर मला एक पांढरा दोरा दिसला. आतल्या बाजूने. धोतराचा असेल म्हणून मी नख लावलं, नख बाहेरून काचेवर वाजलं, आणि दोरा वळला.

२

किडा कुठून आला, हे मला लगेच कळलं. त्यात गूढ काही नव्हतं. म्हाताऱ्यांनी केलेली घाण होती ती.

आईच्या दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवला. कावळे आले, समोरच्या बाभळीवर बसले आणि बसूनच राहिले. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्या माणसाचं काही राहिलंय. मग घरच्यांनी हात जोडून मोठ्याने सांगायचं, अमुक करू, तमुक करू, आणि ते खरं राहिलेलं तोंडातून निघालं की कावळा झेप घेतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आईचं काय राहिलंय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जीव जाईपर्यंत ती एकच म्हणत होती, सरूला उंबऱ्याला देऊ नका.

आबाने सगळं सांगितलं. गाय सोडू, तुळशीला कट्टा बांधू, पोराला मार्गाला लावू. कावळे बसलेलेच. ऊन चढलं. माझा चुलता, रखमाजीतात्या, आबाच्या कानाला लागला, पण तात्याचं कुजबुजणं पलीकडच्या काठाला ऐकू जातं.

"कोंडाजी, म्हन की, देत न्हाई म्हनून. नुसतं तोंडानं म्हन. कावळ्याला काय कळतंय, मागनं कुनी इचारनार हाय का?"

"मी दिला शबूद फिरवत न्हाई."

एवढा सत्यवादी माणूस. मेलेल्या बायकोशी खोटंसुद्धा बोलेना.

शेवटी भटजी कंटाळला. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाला, हा आता पाण्यात सोडा, माशांनी खाल्ला तरी पावला. आणि आबाने तिथे जे केलं ते आमच्या मुलखात कुणी केलं नसेल. पिंड पळसाच्या पानात गुंडाळला आणि घराकडे निघाला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. पिंड घरी आणत नाहीत, हे शेंबड्या पोराला कळतं.

"माज्या घरात सायबाचं मासं असताना ह्या गढूळ पान्यात कशाला?" तो म्हणाला.

दारातून आत आला, आंघोळही न करता पेटीजवळ गेला आणि भाताचा तो गोळा पाण्यात सोडला. मासे आले, तोंड लावलं आणि मागे फिरले. गोळा वाळूवर बसला आणि हळूहळू विरघळला.

तर, सडक्या भातातून किडे होतात. एवढं शास्त्र मला शाळेत न जाताही कळलं असतं.

३

मी पेटी धुतली. पाणी उपसलं, वाळू उकळत्या पाण्यातून काढून छपरावर उन्हात पसरली, काचा मिठाने घासल्या, मासे तोवर घमेल्यात ठेवले. सगळं परत भरलं. संध्याकाळी काचेवर पुन्हा दोरे. या वेळी झुबका होता.

मग विहिरीत टाकायचं लाल औषध आणलं. म्युनिसिपालिटीच्या माणसाकडून चिमूटभर मागून घेतलं. पाणी जांभळं झालं, मासे तडफडायला लागले म्हणून मी ते काढून घेतले. किडे तसेच. जांभळ्या पाण्यात ते उलट जास्त पांढरे दिसत होते.

लाल मासे किडे आवडीने खातात. साहेबाचा बटलर त्यांच्यासाठी मुद्दाम गटारातून किडे काढून आणायचा, हे आबानेच सांगितलेलं. हे मासे खात नव्हते. सगळे एका कोपऱ्यात, अंगाला अंग लावून, शेपट्यासुद्धा न हलवता उभे असायचे.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. चार काचा होत्या, पण किडे एकाच काचेवर असायचे. आबा आरामखुर्चीत बसायचा त्या बाजूच्या.

उजेड असेल, मी म्हटलं. त्या बाजूला खिडकी आहे. मी खिडकीला पोतं लावलं. किडे तिथेच. मग वाटलं, ऊब असेल, म्हाताऱ्याच्या चिलमीची. एका दुपारी आबा जेवायला बसला तेव्हा मी आरामखुर्ची उचलून पेटीच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला नेली. आबा आला, शिव्या दिल्या आणि बसला तिथेच. मी ओट्यावर उभा राहून दारातून बघत होतो.

काचेवरचे दोरे सुटले. घाई नाही, गडबड नाही. वाळूवर उतरले, पेटीच्या लांबीभर पांढरी सावली सरकावी तसे पलीकडे गेले आणि आबाच्या तोंडासमोरच्या काचेवर चढले. चढून पसरले. आबा डोळे मिटून चिलीम ओढत होता.

ओली भिंत, थंडी, वास, मी मनात कारणं जुळवत राहिलो. कारणं बरीच जुळली. रात्री मात्र मी आत निजलो नाही. ओट्यावर घोंगडी टाकली.

४

त्या हिवाळ्यात धुकं उशिरापर्यंत घरात असायचं. दार उघडं ठेवलं की ते उंबऱ्यावरून आत यायचं आणि दुपारपर्यंत खांबांना चिकटून राहायचं. अशाच एका सकाळी सरू पेटीमागे उभी होती, हातात परकराचा ओचा धरून.

"दादा, हितं ये."

मी गेलो. आबाने खुर्ची परत जुन्या जागी नेली होती, तो समोरच्या बाजूला बसला होता. आम्ही त्याच्या उलट बाजूला, भिंतीला टेकून. आमच्या आणि त्याच्या मध्ये पेटी.

"काय हाय?"

"केस," सरू म्हणाली.

मला आधी किडेच दिसले. पलीकडच्या काचेला लागून हजारो पांढरे दोरे, वरून खाली सोडलेले, सगळे एका लयीत हलत होते. मग नजर बसली. मधोमध एक सरळ रेघ होती, तिथे दोरे दोन्हीकडे वळले होते. भांग. डोक्याच्या मागच्या बाजूने दिसतो तसा. खाली दोरे गोळा होऊन एक पीळ पडला होता आणि पिळाखाली मानेएवढी जागा मोकळी होती.

शेवटच्या दुखण्यात आईचे केस एकदम पांढरे झाले होते. सरूच विंचरायची. भांग जरा डावीकडे पडायचा, लहानपणी तिथे खोक पडली होती म्हणून.

ही रेघ डावीकडे होती.

"आपल्याकडं पाठ हाय तिची," सरू हळूच म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. आबा हात उगारून अंगावर आला की आई अशीच मध्ये उभी राहायची. आम्हाला तिची पाठ दिसायची, तिचं तोंड आबाला दिसायचं.

पाण्यातून आणि दोन काचांतून मी आबाकडे पाहिलं. चिलीम विझलेली होती. तो टक लावून पेटीत बघत होता.

"आबा," मी म्हणालो, "म्हना की. एकच वाक्य हाय. सरूला उंबऱ्याला देत न्हाई."

तो उठला. खुर्ची मागे पडली.

"आडदांडा," तो मला म्हणाला, "किडं हायेत ते. किडं."

हेच मी महिनाभर स्वतःला सांगत होतो.

५

दुपारी आबाने तात्याला हाक मारली. दोघांनी पेटी उचलली. तात्याने डोळे दुसरीकडे फिरवले होते, म्हणजे त्यालाही काहीतरी दिसलं होतं. तो आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायचा, न दिसून कसं चालेल? पण आमच्या घरात म्हाताऱ्यांना जे दिसतं ते ते बोलत नाहीत.

"कुटं नेताय?" मी आडवा झालो.

"वततो बाहीर."

"मातीत वता. उकिरड्यावर वता. हिरीत नगा वतू."

"पान्यातलं पान्यात," आबा म्हणाला. "त्या भटानंच सांगितलंय. पान्यात सोडा म्हनून."

घरामागे आमची विहीर. सगळ्या घराचं पिणं तिच्यावर. मी आबाचा दंड धरला तर तात्याने मला ढकललं, आणि दोघांनी पेटी काठावर टेकवून कलती केली. पाणी, वाळू, मासे, सगळं गेलं. खाली आवाज झाला तो पाण्यात पाणी पडल्याचा नव्हता. ओली जड वस्तू पडावी तसा होता. रिकामी पेटी त्यांनी काठावरच सोडून दिली.

मी त्या दिवसापासून स्टेशनच्या नळाचं पाणी आणून प्यायलो. सरू विहिरीचंच प्यायची. तिला काही झालं नाही. तिच्या घागरीत काही नव्हतं, मी बघितलं. तात्याच्या तांब्यातही नव्हतं.

आबाने संध्याकाळी तांब्या तोंडाला नेला, आत बघितलं आणि खाली ठेवला.

दुसरा भरून घेतला. ठेवला. माझं स्टेशनचं पाणी घेतलं. तेही ठेवलं. मी तो तांब्या उचलून बघितला, तळ लख्ख दिसत होता.

मग तो डोळे मिटून प्यायला लागला. चहा, ताक, आमटी, सगळं डोळे घट्ट मिटून, आंधळ्यासारखं चाचपत. घोट गिळला की थांबायचा आणि जिभेने तोंडात काहीतरी शोधायचा. गालाची हाडं वर आली. तळ्यांच्या गावात राहून तो माणूस ताकाच्या चार घोटांवर दिवस काढायला लागला. मी रोज विचारायचो, "म्हनताय का?" तो रोज भिंतीकडे तोंड करायचा.

मला त्याची दया आली का? नाही. एक वाक्य होतं.

६

मुहूर्ताच्या दिवशी उंबऱ्याहून वऱ्हाड आलं. अंबाजी मिशांना तेल लावून, जरीचा फेटा बांधून. अंगणात मांडव. मी आदल्या दिवशी सरूला कुरवंड्याला मामाकडे पळवून नेण्याचा घाट घातला होता, तर तात्याने मला गोठ्यात कोंडलं आणि लग्नघटकेलाच सोडलं, "भाऊ न्हाई तर लोक काय म्हनतील" म्हणून. दोन्ही बाजूंना दोन चुलतभाऊ माझे दंड धरून उभे.

विधुराने कन्यादान करू नये, जोडप्याने करावं, असं भटजी म्हणत होता. आबा ऐकेना. "पोरगी माजी, शबूद माजा. मीच देनार." मग बायकोच्या जागी त्याच्या कमरेला सुपारी खोचली. आई नको होती, सुपारी चालत होती.

मंगलाष्टकांना वेळ होता म्हणून भटजीने कन्यादान आधी घेतलं. अंबाजीने ओंजळ पुढे केली. तिच्यात सरूचा हात. त्यावर आबाने पाण्याची धार धरायची की पोरगी गेली. धारेशिवाय ती जात नाही.

सरूने तांब्या भरून आणला होता. विहिरीचा. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आबाने डोळे मिटले आणि तांब्या कलता केला. धार पडली, भटजी मंत्र म्हणत होता, सनईवाला नाकातून वाजवत होता. मी आबाच्या पाठीमागे उभा होतो, त्याच्या खांद्यावरून मला फक्त ओंजळ दिसत होती.

"पुरे," भटजी म्हणाला.

आबाने तांब्या सरळ केला. धार तुटली नाही.

तांब्याच्या काठापासून ओंजळीपर्यंत ती तशीच लोंबत राहिली, पांढरी, आणि हळूहळू वळत होती. सनई अर्ध्यात थांबली. सरूने आपला हात शांतपणे काढून घेतला. अंबाजीला स्वतःचा काढता आला नाही, कारण ते आता त्याच्या मनगटाला वळसा घालत होतं.

"डोळं उगडा की, कोंडाजी!" कुणीतरी ओरडलं.

आबाने उघडले. खाली ओंजळीकडे बघितलंच नाही. समोर बघितलं, अंबाजीच्या आणि त्याच्या मध्ये, जिथे कुणी नव्हतं. साधारण आईच्या उंचीवर. मी मागे होतो. त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला फक्त त्याची मान दिसली, आणि तिच्यावर उभे राहिलेले केस. पण तो जे बोलला ते मांडवात सगळ्यांनी ऐकलं. रोजच्या, वैतागलेल्या आवाजात बोलला.

"अगं, लोकं बसल्यात. पदर घे तोंडावर. असलं तोंड घिऊन आलीस व्हय?"

मग तांब्या पडला.

अंबाजी हात धोतराला पुसत होता. पुसला, झटकला, परत पुसला. वऱ्हाड गाडीत बसलं तरी तो पुसत होता. त्याच्या हाताला काही नव्हतं, असं सगळे म्हणतात.

७

आबा खाटेला आहे. बोलत नाही. सरू चमच्याने ताक पाजते तेव्हा डोळ्यांवर स्वतःचा तळवा ठेवतो. ते वाक्य त्याने अजून म्हटलेलं नाही. मी विचारणंही सोडलं.

मला वाटलं, सुटलो. चार दिवस मी विहिरीचं पाणी प्यायलो, गोड होतं. मग परवा तात्या उंबऱ्याहून आला, पाय धुतले, पान लावलं आणि सुपारी कातरता कातरता म्हणाला,

"मी बोललो अंबाजीशी. मानूस मोठा हाय, मनात ठेवलं न्हाई. जोडप्याविना कन्यादान केलं म्हनून ते तसं झालं. आता मी आन् तुजी काकू देतो. फाल्गुनात."

"तात्या, तुमी डोळ्यानं बघितलंत सारं."

"काय बघितलं? हात वल्ला व्हता त्याचा. तू पोरा, लय इचार करतोस. साळंत केला असतास तर."

चुलीपाशी भाकरीचा आवाज थांबला.

मी उठलो, विहिरीच्या काठावरून पेटी आणली. काचा पुसल्या, पट्ट्यांना डांबर लावलं. वाळू घातली नाही, मासे नाहीत, भाताचं एक शीत नाही. घागरीमागून घागर विहिरीचं पाणी ओढून पेटी काठोकाठ भरली आणि पुढच्या खोलीत, तात्याच्या खाटेच्या उशाशी नेऊन ठेवली. सरूने घागरी उचलायला हात दिला.

"ही ब्याद हितं कशाला?" तात्या म्हणाला.

"नुसतं पानी हाय, तात्या. शोभंला."

काल संध्याकाळी तो खाटेवर उठून बसला. धुकं दारातून आत येत होतं. त्याने पान थुंकलं आणि पेटीच्या जरा जवळ सरकला.

"दत्तू," तो म्हणाला, "ह्यात काय हालतंय रं?"

मी भिंतीच्या बाजूला बसलो होतो, पेटीच्या मागे. सरू माझ्या शेजारी. आम्हाला भांग दिसत होता.

"मला हिकडनं न्हाई दिसत," मी म्हणालो. "तुमीच बघा."